दोन तोंडांचा क्रूस

लोणावळ्यात पान हललं तरी पयलं मला कळतं, असं मी छाती ठोकून सांगायचो. माजी बायकू फिलू गेली, ते मातर समद्यात शेवटी मला कळलं. सुट्टीचा दिस हुता, बाजारात न्हाव्याच्या पायरीवर बसून मी माज्याच फजितीच्या गोष्टी सांगत हुतो. मान्सं एकाएकी खाली बगाया लागली. मला वाटलं, हसू दाबत्यात. म्हनून आजून एक सांगितली… मग न्हाव्यानं खांद्यावर हात ठिवला आन म्हनला, "भाऊ, घरी जा."

त्याला दीड म्हैना झाला. मला लिवाय येत न्हाई. मी बोलतो, लेक लिवून घेती. ती आईवर गेली म्हनून शिकली.

घाटात इजंची इंजनं यायच्या आधीची गोष्ट. मी शेडात इंजनाला कोळसा मारायचो. फिलूच्या बाची स्टेशनापाशी पावाची भट्टी. मी तसाच काळ्या तोंडानं पाव आनाया जायचो. एकदा ती म्हनली, "तोंड तरी धू, कोन हायेस ते कळू दे." धुतलं, तर म्हनली, "मगाचंच बरं हुतं." तितंच आमचं जमलं.

बाजाराच्या लेखी आमी दोगंबी किरिस्ताव. पर ती रोमन, आमी मिशनवाले, दोगांची देवळं येगळी. तिच्या देवळाचे फादर म्हनले, पोरं रोमन वाढवीन असा शब्द दे, आन तरीबी लगीन वेदीम्होरं न्हाई, मागल्या खोलीत लागंल. घंटा न्हाई, गानं न्हाई. मी म्हनलो, व्हय. माजा बा चार दिस माज्याशी बोलला न्हाई. तेबी गिळलं. गाडी अडली ती मंगळसूत्रातल्या क्रुसावर. माजी आई म्हनली, "क्रूस नुसता पायजे. येशू उठला, आता तो क्रुसावर न्हाई." फिलूची आई म्हनली, "येशूबिगर क्रूस म्हंजी नुसती दोन लाकडं. असलं माज्या लेकीच्या गळ्यात पडायचं न्हाई." घाटात गाडीला म्होरं एक आन मागं एक इंजन लावत्यात, पर दोनी एकाच अंगाला जोर करत्यात. हितं दोन आया उलट्या अंगानं वडत हुत्या आन डबा मधी तुटाया आलता.

फिलू मला भट्टीमागं गाठून म्हनली, "मला मुंबईला मावशीकडं धाडत्यात. तितं नवरा बगून ठिवलाय. गेले तर परत दिसायची न्हाई." मी काय तरी गमतीचं बोलाया लागलो. तर तिनं माज्या तोंडावर हात ठिवला. हाताला पीठ हुतं. "आज हसवू नगंस. आज काय तरी कर."

मी सोनाराकडं गेलो. म्हनलो, एका अंगाला येशू काड, चांगला उठावदार, आन दुसरं अंग कोरं ठिव. सोनार म्हनला, "तुमचा देव एकच ना?" म्हनलो, "देव एकच हाय, सासवा दोन हायेत."

दोगींनी आपापलं अंग बगितलं आन दोगी गप झाल्या. मागल्या खोलीत, मेनबत्त्यांच्या खोक्याशेजारी आमचं लगीन लागलं. ती अक्कल मी जल्मभर मिरवली. माजी आई आमच्यातच ऱ्हायची, म्हनून कोरं अंग वर. तिची आई दारात दिसली की फिलू अंगठ्यानं क्रूस पलटायची, बोलनं न थांबवता. मी पाव्हन्यांना खुनावून दावायचो, बगा बगा. समदी हसायची. तीबी हसायची… वाटतं, हसायची.

मी घरी पोचलो तवा तिच्या गळ्यात मंगळसूत्र न्हवतं. चुलीपाशी खुंटीला हुतं. बायांनी अंग धुताना काडलं आसंल, असं मी धरून चाललो. पेटी झाकायच्या आधी एकजन म्हनली, गळ्यात घाला. मी हातात घितलं आन तसाच उबा ऱ्हायलो. दोनी आया कवाच गेल्याल्या. कोन बगनार हुतं? तरी कुटलं अंग वर ठिवावं, मला समजंना. एवड्या वर्सांत, कुनाची आई समोर नसली तर ती कुटलं अंग वर ठिवायची, हे मला ठावं न्हाई… पेटी झाकली. क्रूस माज्या मुठीतच ऱ्हायला.

मी तो परत त्याच खुंटीला अडकवलाय. रातध्याड तितंच नजर जाती. आत्ता हे सांगता सांगता लेकीला इचारलं, "तू तर तिच्याजवळ असायचीस. एकटी असली की कुटलं अंग वर ठिवायची गं?"

तिनं लिवायचं थांबवलं.

"आबा, कुणी नसलं की आई तो काढून खुंटीलाच ठेवायची. टोचायचा तिला. तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत होतं."