उशी काढणाऱ्या शालनताई

येरवड्याच्या शालनताई आमच्या हाडांच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर. तोंडाने फटकळ, आणि पेशंटला कुरवाळणं त्यांना अजिबात मान्य नाही.

मांजरी गावची तेजस्विनी कबड्डी खेळताना गुडघ्याचा लिगामेंट तुटून आमच्याकडे आली. तिचा एकच प्रश्न होता, पुन्हा चढाईला जाता येईल का? ऑपरेशन दुर्बिणीतून होणार, टाके जेमतेम. तरी टाके लहान म्हणून दुखणं लहान नसतं, हे ताईंनी आधीच बजावलं. दाखल झाल्याझाल्या तिला मांडी आवळून गुडघा गादीत दाबायला शिकवलं. दुखायला लागल्यावर कुणी शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ऑपरेशन छान झालं. घोळ झाला तो नंतर. पोरगी कण्हली की तिची आई, तुळजाबाई, गुडघ्याखाली मऊ उशी सरकवायची. बरं वाटायचं हो, कुणालाही वाटेल. पण गुडघा असा वाकून राहिला की तसाच आखडतो, आणि मग कसली चढाई! ताई उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायच्या. तेजस्विनी रडायची. ताईंची पाठ वळली की उशी परत जागेवर. शेवटी तुळजाबाई भडकल्याच.

"तुमाला लेकरंबाळं न्हाईत का वो?"

"आहेत. म्हणूनच काढतेय," ताई म्हणाल्या. "आज हिचं रडू बघवत नसेल, तर जन्मभर हिला मैदानाबाहेर बसलेलं बघा."

तुळजाबाईंनी उशी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि लेकीला म्हणाल्या, रडत रडत दाब, पण दाब. मला त्या क्षणी दोघींचाही अभिमान वाटला.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. पहिल्याच स्पर्धेला ताई मला ओढत मांजरीला घेऊन गेल्या आणि थेट तुळजाबाईंशेजारी जाऊन बसल्या. तेजस्विनी चढाईला गेली, आणि समोरच्या संघातल्या तिघींनी मिळून तिला आडवी पाडली. दम संपत आलेला. तिने तोच पाय लांबवला, आणखी लांबवला, पार सरळ केला आणि अंगठा मध्यरेषेला टेकवला.

तिघीही बाद. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. आमच्या ताई तर खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होत्या. मागच्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, मुलगी तुमची का?

"मुलगी यांची," तुळजाबाईंकडे बोट दाखवत ताई म्हणाल्या. "गुडघा माझा."