आईनं सैल केलेले ब्लाउज

आधी पायाचं सांगते. पाचव्या महिन्यात माझी चप्पल मलाच होईना. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाला वाट द्यायला शरीरातले सांधे सैल होतात, त्यात पाऊलपण पसरतं, काहींचं तर कायमचं. मी दवाखान्याच्या दारातूनच नवऱ्याला फोन लावला. "अरे, माझे पाय वाढले!"

"मग माझे बूट तू घाल, मी नवे घेतो," तो म्हणाला.

असं सगळं मला भारी वाटायचं, खरंच. नुसतं बसलं तरी छाती धडधडते, कारण रक्त कितीतरी वाढलेलं असतं आणि हृदय दोघांसाठी पळत असतं. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं. दोन जिने चढले की धाप लागते. असं नवं काही कळलं की लगेच मी मैत्रिणींना टाईप करून पाठवायची. त्या वैतागल्या असणार. पण मला वाटायचं, अरे, आत एवढं मोठं काम चाललंय आणि मला कुणी काही विचारतसुद्धा नाही! सगळं आपोआप!

सातव्यात सीमंत झालं, ओटी भरली, आणि कुवेंपुनगरमधून, सासरहून, मी आईकडे आले, लष्कर मोहल्ल्यात. आई टेलर. आजोबापण टेलर, मामापण. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आम्ही. आणि आमच्या शिवणाऱ्या घरांत एक पद्धत आहे. पोटुशीच्या अंगाला कापड काचता कामा नये. मुलीनं "घट्ट होतंय" म्हणायच्या आत आईनं ते सैल केलेलं पाहिजे. तिला म्हणावं लागलं तर आईची लाज. म्हणून ब्लाउज शिवतानाच आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवतात.

मी दुपारी झोपले की आई खुंटीवरचा ब्लाउज काढायची, टीप उसवायची, थोडं सोडून पुन्हा टीप मारायची. मला कळायचंपण नाही. एकदा झोपेतून उठले तर तिच्या हातात तोच.

"आई, हा परवाच सैल केलास ना ग?"

"सुम्मने, गप पड ग. दंड बघ कसे भरलेत. जेवण अंगी लागतंय माझ्या लेकीच्या." एवढी खूश होती ती. शेजारणीलापण दंड दाखवायला लावले मला.

त्या आठवड्यात तपासणी होती. नवऱ्याला ऑफिसातून सुटी मिळेना, मी म्हटलं पुढच्या आठवड्यात जाऊ. दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. तिनं विचारलं, कपडे एकदम घट्ट झालेत का? अंगठी? अंगठी तर पाचव्यातच काढून ठेवली होती. आणि कपडे? "नाही हो सिस्टर, एकदम आरामात आहे!" खरंच आरामात होते. काहीच काचत नव्हतं.

मग डोकं दुखायला लागलं. एका सकाळी चहा पिताना डोळ्यांपुढे चकचक व्हायला लागली, टी. नरसीपूरला संगमावर पाण्यावर ऊन पडतं ना, तशी. आईनं ऑटो बोलावला.

बीपी बघून डॉक्टरबाईंचा चेहराच बदलला. पट्टा काढताना त्यांना माझ्या बाहीवर जुन्या टिपांच्या खुणा दिसल्या. उसवून बाहेर आलेल्या कापडाचा रंग गडद असतो, ओळीच्या ओळी दिसतात. त्यांनी विचारलं, "हे कधी सैल केलं?"

आई कौतुकानं सांगायला लागली, "ही कडेची काल. ही सोमवारी. आणि ही त्याच्या आधी..." आणि मध्येच थांबली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "अम्मा, संध्याकाळी पाय सुजले तर चालतं. हात आणि तोंड असं भराभर भरलं तर नाही चालत. ते अंगी लागणं नव्हे, ते पाणी आहे."

मग स्कॅन. मशीनचा आवाज होता, बाळाचा नव्हता.

मुलगी होती. नखंपण आली होती तिला.

घरी आल्यावर वाटलं, संपलं. पण संपत नाही ना! माझा ब्लाउज पुढून भिजला. दूध आलं. नाळ सुटली की शरीर दूध सुरू करतं, बाळ आहे की नाही ते विचारत नाही. एवढं हुशार शरीर, एवढं सगळं आपोआप करणारं, आणि त्याला एवढं कळू नये? मी मोरीत उभी राहून ओरडून रडले.

आमच्याकडे दूध आटायला छातीला मल्लिगे बांधतात, मोगरा. आई मार्केटातून ओंजळभर कळ्या घेऊन आली. फूलवालीनं विचारलं म्हणे, घरात लग्न का? आईनं हो म्हणून सांगितलं. पंच्यात कळ्या पसरून तिनं माझ्या छातीभोवती बांधल्या, आणि गाठ मारता मारता म्हणाली, "मला काहीतरी बोल ग. ओरड माझ्यावर."

मला नाही जमलं. मी काय ओरडणार? माझ्या आयुष्यातला एकपण कपडा तिनं बाहेर शिवू दिला नव्हता.

महिन्याभरानं सूज पूर्ण उतरली. नवरा न्यायला आला. मी बॅग भरत होते, अंगातला ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. आई दारात उभी राहून बघत होती. मशीनवर तेव्हापासून चादर टाकलेली.

"आई, हे ब्लाउज तेवढे आत घेऊन दे ना," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं. वाटलं, बसेल मशीनवर.

तिनं एक ब्लाउज हातात घेतला, बाही उलटी केली, टिपांवरून बोट फिरवलं. मग घडी घालून माझ्या बॅगेत ठेवला.

"कुवेंपुनगरात चांगले टेलर आहेत, पुट्टी," ती म्हणाली. "तिकडे दे."