पर्जन्यमापक आणि तिसरं मत

नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावात आल्विन ट्वेट एकतीस वर्षं रोज सकाळी सातला अंगणातला पर्जन्यमापक बघायचा. हिवाळ्यात त्यातला बर्फ घरात आणून, वितळवून मोजावा लागे. त्यासाठी बायकोचं, म्हणजे आर्डिसचं, एक पातेलं कायमचं जप्त झालं होतं. आकडा केंद्राच्या हवामान खात्याला जाई. पगार शून्य. पंचविसाव्या वर्षी एक बिल्ला मिळाला, तो चर्चला जाताना कोटावर असे.

एकतिसाव्या वर्षी पक्षाने त्याला निर्वाचक नेमलं. लोक नोव्हेंबरात मतं देतात आणि डिसेंबरात आमच्या राज्याचे असे तीन निर्वाचक राजधानीत, बिस्मार्कला, जमून अध्यक्षासाठी खरं मत देतात. हे इतकं सोपं आहे की गावात कुणालाच नीट कळलेलं नाही. चाळीस वर्षं पक्षाच्या सभांना खुर्च्या मांडल्यावर आल्विनला मिळालेला हा पहिला मान.

पक्ष राज्यात जिंकला आणि पक्षाच्या वकील केसलरबाईंचा फोन आला.

"आल्विनकाका, केंद्राचं विश्वासाचं किंवा लाभाचं पद असेल तर निर्वाचक होता येत नाही. घटनेत आहे."

"लाभ कसला? पातेलंसुद्धा आमचंच."

"पण विश्वास?"

आल्विनची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली. विश्वास नाही म्हणावं, तर बिल्ल्याचं काय करायचं?

"आणि अध्यक्षाला काय अटी?"

"पस्तीस पूर्ण, जन्माने नागरिक, चौदा वर्षं देशात वास्तव्य."

"म्हणजे पाऊस मोजणारा अध्यक्ष होईल, पण अध्यक्षाला मत देणार नाही?"

"असं अजून कुणी विचारलेलं नाही, काका. तुम्ही पाऊस मोजणंही सोडा आणि निर्वाचकपदही. जागा रिकामी झाली की उरलेले दोघं ती भरतील."

"कुणाला घेऊन?"

"तुम्हाला."

आल्विनने आर्डिसला विचारलं. ती म्हणाली, "एका दिवसासाठी एकतीस वर्षं सोडतोयस. सोड. बर्फ मी मोजीन, पातेलं माझंच आहे."

खात्याने तिची नेमणूक केली.

बिस्मार्कला तो अकरा मिनिटं बाहेर उभा राहिला. मग आल्विन ट्वेट यांच्या रिकाम्या जागी आल्विन ट्वेट यांना एकमताने घेण्यात आलं. त्याने मत दिलं, सहा प्रतींवर सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सातला तो कोट घालून स्वयंपाकघरात आला, तर पातेलं चुलीवरून उतरलेलं.

"किती?"

"आधी खात्याला कळवू दे," आर्डिस म्हणाली.

तो तसाच आमच्या कॅफेत आला आणि रेडिओवर आकडा सांगेपर्यंत कुणाशी बोलला नाही.