आधी पाठ

"पायरीवरून पडून." त्या दिवशी केसपेपरवर मी हे तीन शब्द... नाही, दोनच शब्द लिहिले. लिहिताना ते खोटे आहेत हे मला माहीत होतं आणि समोर उभ्या असलेल्या सिस्टरनाही माहीत होतं. फरक एवढाच की त्या गप्प बसल्या नाहीत.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या एका सरकारी दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. सिस्टर पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, चालताना चपला कुरकुरायच्या. खिशात कागदात गुंडाळलेली आंबापोळी. रडणाऱ्या पोराला तुकडा मिळायचा आणि माझा स्टेथोस्कोप चिकट व्हायचा. मूल कशासाठीही येवो, त्या आधी त्याचा सदरा वर करायच्या. "आधी पाठ बघू गो बाय."

"सिस्टर, तिला जुलाब झालेत," मी एकदा वैतागून म्हणालो.

"होऊ देत की. बघायला काय जातंय?" मग हळूच म्हणाल्या, "तोंडावरचं शेजारी बघतात, डॉक्टर. म्हणून मारणारा पाठीवर मारतो."

मी राहायचो ते माझे घरमालक भाऊ यांच्या पडवीतल्या खोलीत. जेवणही त्यांच्याकडेच. त्यांची आठ वर्षांची पुतणी मला पाणी आणून द्यायची. तिची आई वारलेली, वडील मुंबईत नोकरीला. पाण्याचा तांब्या ठेवून ती मागे न वळता, उलट्या पावलांनी घरात जायची. मला वाटायचं, लाजते.

एका सकाळी भाऊ तिला तापासाठी घेऊन आले. सिस्टरनी झगा वर केला. सात ताजे वळ. एकाच्या टोकाला पट्ट्याच्या कडीचा चौकोन उठलेला.

"पायरीवरून पडली ओ," भाऊ म्हणाले. "आमच्या पायऱ्या तुम्ही बघितलाव ना, डॉक्टर?"

सिस्टरनी त्यांना व्हरांड्यात बसवलं, दार लोटलं आणि पोलिसांना कळवायचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"सही करा."

"पण खात्री कुठं आहे?"

"खात्री पोलीस करतील. आपल्याला संशय आला की कळवायचं. आपलं काम तेवढंच."

"मी बोलतो भाऊंशी. घरचाच माणूस आहे."

त्यांनी माझा हात धरला. एरवी त्या कधी असं करत नसत. "डॉक्टर, त्यांच्याशी बोलू नका. पोरीला परत त्याच घरात जायचंय."

मी सही केली नाही; केसपेपरवर भाऊंचेच शब्द लिहिले. ज्याच्या घरी दोन वेळा जेवतो, त्याच्या दारात पोलीस कसे पाठवायचे? दुपारी जेवताना मी म्हणालो, "भाऊ, सिस्टरना शंका आलीय. जरा हात आवरा."

भाऊ हसले. "सिस्टरना काय, सगळीकडे वळच दिसतात. घ्या, आणखी एक तुकडी घ्या."

मी सुरमईची तुकडी घेतली. आत, स्वयंपाकघराच्या दाराआड, उलट्या पावलांचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवसापासून पाणी भाऊंच्या बायको, काकू, आणू लागल्या. "पोर माझ्या माहेरी गेलीय," म्हणाल्या. सिस्टर रोज सकाळी मला गाठायच्या.

"दिसली?"

"काकूंच्या माहेरी गेलीय."

"जाताना बघितलीत तुम्ही?"

मी इंजेक्शनच्या सुया मोजायला लागायचो. त्या तिथेच उभ्या राहायच्या.

पाचव्या दिवशी शेजारची बाई तिला कडेवर घेऊन धावत आली. पोर इतके दिवस घरातल्याच माळ्यावर कोंडलेली होती. डावं कोपर सुजून काळं पडलेलं. सिस्टरनी तोच कागद पुढे ठेवला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. पोलीस आले, तार करून वडिलांना बोलावलं, ते तिला मुंबईला घेऊन गेले. मोडलेलं हाड तोवर वाकडं जुळू लागलं होतं. ते कोपर पुन्हा सरळ झालं नाही.

त्याच संध्याकाळी मी खोली सोडली. सिस्टरनी मला एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. निवृत्त होऊन त्या चिपळूणला भावाकडे गेल्या, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मी त्यांच्यावर भाषण केलं. सगळं सांगितलं, हे सोडून.

आता त्या नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाची पाठ मी आधी बघतो. आया विचारतात, खोकल्याला पाठ कशाला? मी त्यांना उत्तर देतो. सिस्टरना खरं सांगायला चिपळूणला जायला मात्र मला त्यांच्या निवृत्तीनंतर सहा वर्षं लागली.

सिस्टर ओटीवर बसल्या होत्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी आवाजावरून ओळखलं. "काय ओ डॉक्टर, वाट चुकलात?" आणि हात सवयीनं खिशाकडे गेला. साडीला खिसा नव्हता.

मी बरोबर नेलेली आंबापोळी त्यांच्या हातात ठेवली.

"सिस्टर," मी म्हणालो, "ती पायरीवरून पडली नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही नको म्हणालात तरी मी भाऊंना सांगितलं, म्हणून तिचा हात मोडला. मला माफ करा."