मनगटावरच्या दोन राख्या

दुर्गापुऱ्यात ज्या काकूंकडे मी खोली घेऊन राहत होते, त्यांना माझं काम काही पटत नसे. काका बँकेत, बदली होऊन जयपूरला आलेले. काकूंच्या वऱ्हाडी बोलण्यात हिंदी शिरली होती. "मतलब, एमएस्सी करून तू इथं लोकांचे घोळणे मोजते?" त्या विचारायच्या. मी म्हणायची, "हो काकू, आणि वर पगारही मिळतो."

मला त्याचं खरंच अप्रूप होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. गावाकडे वडील लोकांना एवढंच सांगत, "पोरगी मोठ्या दवाखान्यात संशोधनात आहे." पुढे कोणी काही विचारलं तर विषय बदलत, कारण पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काम असं होतं. रक्तवाहिन्यांचा एक आजार आईवडिलांकडून मुलांत उतरतो. त्यात शुद्ध आणि अशुद्ध रक्ताच्या वाहिन्यांमध्ये जी बारीक जाळी असायला हवी, ती काही ठिकाणी नसतेच. दोन्ही वाहिन्या थेट एकमेकींना जोडलेल्या असतात. नाकात अशी जागा फुटली की घोळणा फुटतो, आणि त्याने सहसा कोणी दगावत नाही. फुप्फुसात असा जोड असला तर मात्र माणसाला दम लागतो, रक्ताची गुठळी मेंदूपर्यंत जाऊ शकते आणि गरोदरपणात तो जोड फुटूही शकतो. आमच्या विभागातले सर अशा घराण्यांचा अभ्यास करत होते. घरातल्या सगळ्यांची माहिती विचारून वंशवृक्ष काढायचा, ही माझी जबाबदारी. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

जयपूरजवळच्या सांगानेरचा एक कारागीर आमच्याकडे येऊ लागला होता. कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणारा, तिशीचा, अबोल माणूस. त्याच्या फुप्फुसात एक लहानसा जोड सापडला होता. भावंडं किती, असं पहिल्याच भेटीत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हम दो भाई हैं जी." मी दोन चौकोन काढले. दुसऱ्या भावाची तपासणी झाली, ती चांगली निघाली, आणि ते घराणं आमच्या लेखी पूर्ण झालं.

पुढच्या भेटीत त्याच्या रक्तातला प्राणवायू मोजायला मी बोटाला चिमटा लावला. यंत्रावर आकडाच येईना. त्याची बोटं नखांपर्यंत रंगाने काळीनिळी झालेली. "दुसरा हात दे भैया," मी म्हणाले. त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. त्या मनगटावर दोन राख्या होत्या, रंग उडालेल्या, दोऱ्यांचे सुटे धागे लोंबणारे. राखीपौर्णिमा होऊन बरेच दिवस झाले होते, पण तिकडे पुरुष राखी गळून पडेपर्यंत काढत नाहीत.

"या कोणी बांधल्या?"

"बहनों ने."

"तू तर म्हणालास, दोनच भाऊ."

त्याला माझंच नवल वाटलं. "दो ही तो हैं. बहनें तो ब्याह दीं. अब वो उनके घर की हैं."

लपवाछपवी अजिबात नव्हती. आमच्याकडेही भावकी मोजताना म्हातारी माणसं अशीच मोजतात. मी विचारलं, बहिणींपैकी कोणाचा घोळणा फुटतो का? मोठीचा नाही. धाकटीचा लहानपणापासून, उन्हाळा असो की थंडी. आणि धाकटीला सहावा महिना चालू होता. हल्ली जिना चढताना थांबते, असं त्याची आई म्हणाली होती. पण पोटुशा बाईला दम लागायचाच, असं त्यांनी धरलं होतं.

सरांनी ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. "तिला या आठवड्यात आणा."

कारागिराचा चेहरा उतरला. "साब, छोटी बहन के ससुराल का हम पानी भी नहीं पीते. बिना मौके पहुँच गया तो पूछेंगे, क्यों आया?" मग खाली बघत म्हणाला, "बीमारी का नाम लिया तो कहेंगे, बीमार लड़की दे दी."

त्याला खरी भीती याचीच होती. सर म्हणाले, "तू आजारी आहेस, हे खरं आहे ना? बहिणीला भेटावंसं वाटतं म्हण. तिचं काय ते तिलाच सांगू, आणि घरी काय सांगायचं ते ती ठरवेल."

दोन दिवसांनी ती आली, सोबत पगडीवाला सासरा. घुंगट हनुवटीखाली आलेला. सासऱ्यासमोर तो वर होणार नव्हता, म्हणून मी त्यांना बाहेर चहाला घेऊन गेले. "नकसीर तो हमारे यहाँ सबकी फूटती है," ते मला घोळण्याचं समजावत होते, "गर्मी का मुल्क है, बेटी."

मी एकटी परत आले तेव्हा तिचा चेहरा उघडा होता. वीस-बावीस वर्षांची पोर, आणि खालच्या ओठावर कुंकवाच्या कणांसारखे लाल ठिपके, याच आजाराची खूण. सरांनी मिठाचं पाणी दोन सिरिंजमधून इकडून तिकडे फेसाळून तिच्या शिरेत सोडलं. फुप्फुसं धड असली तर बुडबुडे तिथेच गाळले जातात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदयाची डावी बाजू काळीच राहते. आम्ही पाहत राहिलो. उजवी बाजू पांढरी झाली. थोडे ठोके गेले, आणि डावीही पांढरी झाली.

सरांनी तिला सगळं समजावलं. तिने साडीचा पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "बाबोसा को अंदर बुला लो. मैं ही बोलूँगी." पुन्हा घुंगट ओढून, भिंतीकडे तोंड करून तिने सासऱ्यांना सांगितलं. कारागीर दाराशी उभा होता, आपल्याच पायांकडे बघत.

सासऱ्यांनी एकच विचारलं. "इलाज करें तो जच्चा-बच्चा दोनों बचेंगे?"

"न करण्यापेक्षा पुष्कळ बरं," सर म्हणाले.

"तो करो. मेरे को क्या पूछना?" आणि कारागिराकडे वळून, "तू दरवाजे पर क्या खड़ा है? चाय पी ली?" त्याने नाही म्हटलं. "यहाँ तो पी ले. ये मेरा घर नहीं है."

पायाच्या शिरेतून बारीक नळी फुप्फुसापर्यंत नेऊन तो जोड धातूच्या गुंडाळीने बंद केला. पोटावर शिशाची चादर घालून, शक्य तितक्या कमी क्ष-किरणांत. दुसऱ्या दिवशी मी बोटाला चिमटा लावला, तेव्हा आकडा चांगला वर आला होता. ती म्हणाली, "दीदी, साँस नीचे तक जा रही है." मी तो आकडा वहीत लिहून घेतला.

थंडीत एका दुपारी विभागातला फोन वाजला. कारागीर होता. "मैडमजी, लिखिए. गोल बनाइए."

"दोघी बऱ्या आहेत?"

"रो रही हैं."

"कोण?"

"दोनों."

मी वंशवृक्षात तिच्याखाली गोल काढला. त्या पोरीत आजार उतरला का, ते पुढे पाहायचंच होतं, शक्यता निम्मी. पण त्या दिवशी मी वेळेवर घरी गेले. काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाल्या, "मतलब, ती माहेरी येईपर्यंत कोण थांबतंय? डिंकाचे लाडू करते. तिच्या भावाजवळ दे."

मी म्हटलं, भाऊ तिच्या सासरी पाणीसुद्धा पीत नाही.

"त्याला कुठं खायला सांगतेय? नुसते पोचवायचेत."