मावशीचं शेवटचं बदक

गल्लीत बातमी अशी, की चोरीचं सॉफ्टवेअर विकताना माझ्या मावशीला कंपनीच्या साहेबाने रंगेहाथ पकडलं. साफ खोटं! साहेब घरी आला होता हे खरं, पण त्याला मावशीनेच आणला होता. जवळजवळ कॉलर धरून.

मावशी मशीनवर भरतकाम करते. कॉम्प्युटरवर बदक काढायचं, की मशीन ते लाळेऱ्यावर भरून देतं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर तिने खोक्यासकट, बिलासकट घेतलेलं. आता खांदा दुखतो म्हणून ती नुसती शिलाई करणार होती आणि सॉफ्टवेअर शेजारच्या वहिनीला विकणार होती. वहिनी मशीन घेऊन बसलेली. सॉफ्टवेअर नसेल तर ते मशीन म्हणजे कपडे वाळत घालायला एक महागडी जागा. पण नव्या कॉम्प्युटरवर ते सुरू करायला कंपनीकडून एक आकडा लागतो, आणि कंपनी तो देईना.

मावशी वहिनीला घेऊन थेट कंपनीच्या दुकानात. मीही गेले. असा तमाशा कोण सोडतं?

साहेब नाकातून बोलतो. "मॅऽडम, तुम्ही सॉफ्टवेअर घेतलेलंच नाही. फक्त वापरायची परवानगी घेतलीय. ती दुसऱ्याला देता येत नाही." (हे मी इतकं हुबेहूब करते, की आई दचकून मागे बघते.)

"अस्सं? मग बाहेरची 'विक्री केंद्र' पाटी उतरवा," मावशी म्हणाली. "स्टूल धरू का?"

रांगेतल्या एका काकांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "म्हणजे पैसे माझे आणि वस्तू तुमची?"

साहेबाचा आवाज नाकातून घशात उतरला. "तसं नाही हो काका... पण मॅडम, तुम्ही एक कॉपी स्वतःकडे ठेवून विकाल, त्याचं काय?"

"चला घरी. तुमच्या डोळ्यांदेखत काढून टाकते."

शिवणकामवाल्या बायकांत एक रीत आहे. जुनं मशीन विकताना विकणारी त्यावर शेवटचं काम करून दाखवते आणि विकत घेणारी दोरा कापते. मावशीने तेच केलं. बदक भरलं, चोचीपासून शेपटीपर्यंत. वहिनीने दोरा कापला. मग मावशीने सॉफ्टवेअर पुसलं आणि स्क्रीन साहेबाकडे फिरवला. "बघा नीट. चष्मा पुसून बघा. झालं समाधान? आता आकडा."

दिला बिचाऱ्याने. शेजारी वहिनीचं मशीन खडखडायला लागलं.

तो गेल्यावर मी मावशीला कोपरखळी मारली. "एक कॉपी ठेवलीसच ना कुठेतरी? लाव पैज!"

"लावली. हरलीस तर सुट्टीभर दोऱ्याच्या बॉबिनी तू भरायच्या."

"आणि तू हरलीस तर?"

"मी कशाला हरू?"

मी ड्रॉवर उचकले, पेनड्राइव्ह तपासले, खडूचा डबासुद्धा उपडा केला. काहीच नाही. तेवढ्यात एक बाई बाळाच्या लाळेऱ्यावर बदक भरून घ्यायला आली. मावशीने मान वर न करता वहिनीच्या दाराकडे बोट दाखवलं. "बदकं आता तिकडे."

पांढऱ्या बॉबिनी संपल्या. आता निळ्या भरतेय.