एका भावाला झोप लागत नाही

तोंडातून एकदाही 'नाही' न काढता पन्नाशी गाठलेला माणूस सबंध सोलापुरात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या चर्चला पाळक म्हणून मिळाला. कुणी काहीही सांगा, पाळकसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "येतो की." नवी स्कूटर घेतली, प्रार्थनेला येतो की. मैंदर्गीत भावाभावांची बांधावरून जुंपली, समजवायला येतो की. एका रविवारी उपासना आटोपून ते वाढदिवस, साखरपुडा आणि नव्या घराची प्रार्थना अशा तीन ठिकाणी पोटभर जेवले, का तर कुणाचं मन मोडायला नको. संध्याकाळी पोट धरून माझ्या दारात हजर. मी निवृत्त नर्स, म्हणजे अख्ख्या मंडळीचा फुकटचा दवाखाना. औषध दिलं, वर चार शब्द सुनावले. तर म्हणतात, "बाई, तिसऱ्या घरची शेंगाचटणी मात्र चांगली होती."

शेवटी चर्चच्या पंचांशी भांडून मीच त्यांना सोमवारची सुट्टी मिळवून दिली. फाटकावर पाटी लावली, 'आज पाळकसाहेब भेटणार नाहीत.' दुपारी बघते तर हा गृहस्थ त्या पाटीखालीच खुर्ची टाकून बसलेला. म्हणे, "उन्हातनं कोण आलंच, तर पाटी वाचून माघारी जाईल की बिचारं." आता अशा माणसापुढं कुणी किती डोकं फोडायचं?

पण माझा खरा संताप व्हायचा बुधवारच्या प्रार्थनासभेत. ते वही उघडून प्रार्थनेचे विषय वाचत. कुणाचा गुडघा, कुणाच्या लेकीचं लग्न, आणि सगळ्यात शेवटी, "एका भावाला झोप लागत नाही." नाव नाही, गाव नाही. आम्ही आपलं डोळे मिटून आमेन म्हणायचो. सहा महिने हेच ऐकल्यावर मी बोललेच, "अहो, त्या भावाला डॉक्टरकडे पाठवा. मनाच्या दुखण्याला औषधं असतात."

वही मिटत ते म्हणाले, "सांगितलं हो बाई. त्याला सवडच नाही."

"मग भोगू दे," मी म्हणाले.

गेल्या महिन्यात उपदेश करता करता पाळकसाहेब एकदम थांबले. पुस्तक समोर उघडं, पण शब्द फुटेना. पाळकीणबाईंनी हाताला धरून त्यांना व्हरांड्यात आणलं. मी नाडी बघत होते, तर त्या म्हणाल्या, "आठ महिने झाले, धड झोप नाही. एकटे बसून रडतात."

"मला का नाही सांगितलं?" मी त्यांच्यावरच डाफरले.

पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, "दर बुधवारी सांगत होतो की."

पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली मी. चेहरा बघून ताप ओळखणारी. लाज वाटली मला माझी. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, सक्तीची रजा मिळाली, आणि ते पाळकीणबाईंना घेऊन वैरागला बहिणीकडे गेले.

त्या बुधवारी वही माझ्याकडे आली. गुडघे वाचले, लग्नं वाचली, आणि शेवटी म्हटलं, "आपल्या पाळकसाहेबांना झोप लागत नाही." मग मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "बाई, त्यांच्यासाठी आपण कदी केलीच न्हाय की प्रार्थना."

परवा दुपारी मी वैरागला फोन लावला. पाळकीणबाई म्हणाल्या, "जेवून झोपलेत. उठवू का?"

"नको," मी म्हटलं. इतक्या हळू आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नसेन, जसं काही माझ्या आवाजानं तिकडं वैरागात त्यांची झोप मोडली असती.